तारेतून येणारं लिनक्स

डीव्हीडीचा ट्रे अडकलेला, पेनड्राइव्ह लावला तरी बायोस तो ओळखत नाही, आणि हार्ड डिस्कवरची विंडोज अर्ध्यावर येऊन निळी पडते. दहा-पंधरा वर्षांचा असा लॅपटॉप दुरुस्तीला नेला की अमरावतीत काय आणि अकोल्यात काय, उत्तर एकच मिळतं : आता नवा घ्या. मग तो कपाटावर जातो आणि तिथून भंगारात. पण त्याच लॅपटॉपच्या कडेला लॅन केबल लावायची एक चौकोनी खाच असते आणि बहुतेकदा ती ठणठणीत असते. त्या खाचेतून अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम आत घेता येते. डीव्हीडी लागत नाही, पेनड्राइव्ह लागत नाही. नीट तयारी केली असेल तर त्या घडीला इंटरनेटही लागत नाही. नेटवर्क म्हणजे इंटरनेटच, हा समज आपल्याकडे इतका रुजला आहे की ही शेवटची गोष्ट आधी कुणाला पटत नाही.

हा विषय आत्ताच काढायचं कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. म्हणजे २०१७ च्या आधीचे बहुतेक लॅपटॉप अधिकृत यादीतून बाहेर पडले. त्यांचा कीबोर्ड चालतो, पडदा चालतो, प्रोसेसर शाबूत आहे. फक्त त्यांच्यासाठी सॉफ्टवेअर लिहिणं एका कंपनीनं थांबवलं. वऱ्हाडातल्या शाळा-कॉलेजांच्या लॅबमध्ये, पतसंस्थांमध्ये, घराघरांत अशी यंत्रं पडून आहेत. त्यांना ई-कचरा म्हणण्याची घाई करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. लिनक्स फुकट आहे, त्याचा कोड उघडा आहे, १९९१ पासून जगभरातले लोक ते लिहीत आले आहेत आणि जुन्या यंत्रांवर ते आजही नीट चालतं.

प्रश्न असतो तो ते आत घालायचं कसं, हा. आणि इथं संगणकशास्त्रातलं एक जुनं कोडं समोर येतं. डिस्क कोरी असली की यंत्राकडे चालवायला प्रोग्रॅमच नसतो. बाहेरून प्रोग्रॅम आणायचा तर तो आणणारा प्रोग्रॅम आधी हवा. मग पहिला प्रोग्रॅम कुठून येणार?

उत्तर नेटवर्क कार्डाच्या छोट्याशा रॉममध्ये, किंवा मदरबोर्डवरच्या बायोसमध्ये, कारखान्यातच लिहून ठेवलेलं असतं. १९८० च्या दशकात विद्यापीठांमध्ये डिस्क नसलेले संगणक वापरात आले, कारण तेव्हा डिस्क फार महाग होती. अशा संगणकानं चालू झाल्यावर 'मी कोण, माझा पत्ता काय आणि माझा प्रोग्रॅम कुठं आहे' हे तारेवर विचारायचं, एवढीच अपेक्षा होती. १९८१ मध्ये टीएफटीपी हा फाइल पाठवण्याचा अगदी साधा नियम लिहिला गेला. १९८५ मध्ये बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर यांनी बूटपी हा पत्ता विचारण्याचा नियम मांडला. त्यातूनच १९९३ मध्ये डीएचसीपी आलं, जे आज तुमच्या घरचा वाय-फाय राउटर रोज वापरतो. इंटेलनं हे सगळं एकत्र बांधून पीएक्सई नावाचं मानक केलं. त्याची २.१ ही आवृत्ती १९९९ ची. त्यानंतरच्या, लॅनची खाच असलेल्या जवळपास प्रत्येक लॅपटॉपमध्ये हे आहे. मालकाला त्याचा पत्ता नसतो इतकंच.

प्रत्यक्षात काय घडतं ते पडद्यावर बघता येतं आणि बघण्यासारखं आहे. लॅपटॉप सुरू करताना एफ-१२ दाबायचं (काही कंपन्यांत एफ-९ किंवा एस्केप) आणि यादीतून नेटवर्क किंवा लॅन हा पर्याय निवडायचा. काळ्या पडद्यावर आधी कार्डाचा मॅक पत्ता उमटतो. हा ४८ बिटांचा क्रमांक कारखान्यातच दिलेला असतो आणि त्याचा पहिला अर्धा भाग कार्ड बनवणाऱ्या कंपनीचा असतो. मग डीएचसीपी ही अक्षरं येतात आणि त्यांच्यापुढे ठिपके वाढत जातात. या वेळी लॅपटॉप स्वतःचा पत्ता ०.०.०.० असा सांगतो, कारण त्याला अजून पत्ताच नाही, आणि २५५.२५५.२५५.२५५ या पत्त्यावर, म्हणजे तारेवरच्या सगळ्यांना उद्देशून, विचारणा सोडतो. उत्तर आलं नाही तर तो पुन्हा विचारतो. मानकाप्रमाणे तो ४, मग ८, मग १६, मग ३२ सेकंद थांबतो. हे एक मिनिट धीर धरावा लागतो. अनेक जण विसाव्या सेकंदाला बटण दाबून यंत्र बंद करतात आणि 'होत नाही' म्हणून मोकळे होतात.

उत्तर मिळालं की लॅपटॉपचा पत्ता, उत्तर देणाऱ्याचा पत्ता आणि एका फाइलचं नाव एवढं हाती येतं. जुन्या बायोससाठी ती फाइल बहुधा पीएक्सईलिनक्सची असते, आकारानं पन्नास केबीच्या आतबाहेर. नव्या यूईएफआय यंत्रांना वेगळी फाइल द्यावी लागते, पण यंत्र विचारतानाच आपली जात सांगतं, म्हणजे सर्व्हरला निवड करता येते. ही छोटी फाइल मेमरीत बसली की तीच पुढचा कारभार हाती घेते, यादी दाखवते, आणि निवड केली की लिनक्सचं कर्नल आणि इन्स्टॉलरचं गाठोडं मागवते. इथपर्यंत हार्ड डिस्कला हातही लागलेला नसतो. सगळं मेमरीत चालू आहे. डिस्कवर पहिला बदल होतो तो तुम्ही विभाजनाला होकार दिल्यावरच.

या मागवण्यातलं गणित मला फार आवडतं, कारण त्यातून एक साधा नियम कळतो. टीएफटीपी फाइलचे ५१२ बाइटांचे तुकडे करतं, एक तुकडा पाठवतं आणि 'मिळाला' असा निरोप येईपर्यंत दुसरा हलवत नाही. शकुंतला एक्स्प्रेस ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच समजेल : मूर्तिजापूरहून अचलपूरकडे अरुंद एकेरी रूळ, गाडी एकच, ती परत आल्यावरच पुढची फेरी. ४० एमबीच्या गाठोड्याचे ५१२ बाइटांचे ८१,९२० तुकडे होतात. एका खोलीतल्या स्विचवर जाऊन-येऊन अर्धा मिलिसेकंद धरला तर सुमारे ४१ सेकंदांत काम होतं. आता सर्व्हर अमरावतीत आणि लॅपटॉप अकोल्यात आहे असं समजू. दोन्ही शहरांतलं अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे नुसत्या जाण्या-येण्याला एक मिलिसेकंद पुरे. पण पॅकेट सरळ रस्त्यानं जात नाहीत. ती मधल्या मोठ्या शहरांच्या केंद्रांतून, राउटरांच्या रांगांतून फिरतात. ही फेरी २० मिलिसेकंदांची धरा. तेच ८१,९२० तुकडे आता २७ मिनिटं घेतील. तारेची रुंदी कितीही वाढवा, त्यात फरक पडत नाही, कारण वेळ तुकडा वाहण्यात नाही तर निरोपाची वाट बघण्यात जातो.

शिवाय तुकड्यांचा क्रमांक लिहायला मूळ नियमात फक्त १६ बिट आहेत. म्हणजे ६५,५३५ च्या पुढे मोजता येत नाही आणि फाइल ३२ एमबीवर अडकते; वरचं ४० एमबीचं गाठोडं मूळ नियमानं पूर्ण पोचणारच नाही. १९९५ मध्ये तुकड्याचा आकार वाढवायची मुभा मिळाली आणि अडचण सुटली. आता हुशार मंडळी पहिली छोटी फाइल तेवढी टीएफटीपीनं घेतात आणि जड माल एचटीटीपीवरून आणतात, कारण तिथं अनेक तुकडे एकाच वेळी वाटेत असू शकतात. मग टीएफटीपी इतकं बाळबोध का ठेवलं? कारण ते लिहिलं गेलं तेव्हा सगळा प्रोग्रॅम काही किलोबाइटांच्या रॉममध्ये मावायला हवा होता. साधेपणा ही तिथं गरज होती, आणि त्या साधेपणामुळेच ते चाळीस वर्षांहून जास्त टिकलं.

सर्व्हर म्हणजे काही मोठं कपाट नव्हे. दुसरा एखादा चालू लॅपटॉप पुरतो. त्यावर डीएनएसमास्क नावाचा छोटा प्रोग्रॅम बसवला की पत्ता देणं आणि फाइल देणं ही दोन्ही कामं तो करतो. डेबियन या लिनक्सच्या एका प्रकाराच्या संकेतस्थळावर नेटबूट नावाची तयार संचिका मिळते. ती उलगडून एका फोल्डरमध्ये ठेवायची आणि डीएनएसमास्कला त्या फोल्डरचा रस्ता सांगायचा. वाय-फायवर हा प्रकार चालत नाही, केबलच लागते. जुन्या लॅपटॉपचा इथं फायदाच होतो, कारण नव्या पातळ लॅपटॉपांतून लॅनची खाच काढून टाकलेली असते.

एक गोष्ट मात्र कडक पाळावी. हा सर्व्हर कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या चालू नेटवर्कवर बिनदिक्कत जोडू नये. एका तारेवर पत्ते वाटणारे दोघं झाले की कुणाला कुणाचा पत्ता मिळेल याचा भरवसा राहत नाही. लॅबमधले चांगले संगणक बंद पडल्यासारखे वागतात आणि दोष शोधण्यात दिवस जातो. शिवाय टीएफटीपीला ना पासवर्ड, ना कुलूप. तारेवर जो आधी उत्तर देईल त्याच्यावर कोरा लॅपटॉप विश्वास ठेवतो. म्हणून आठ तोंडांचा साधा स्विच वेगळा घ्यावा, हजार रुपयांच्या आत येतो, आणि त्यावर फक्त सर्व्हर आणि दुरुस्तीचे लॅपटॉप ठेवावेत. महागड्या मॅनेज्ड स्विचपेक्षा इथं हा साधाच बरा. मोठे स्विच तार जोडल्यावर नेटवर्कमध्ये वळसा तर पडला नाही ना, हे तपासायला काही वेळा तीस सेकंद तोंड बंद ठेवतात आणि तेवढ्यात लॅपटॉपच्या पहिल्या हाका वाया जातात.

अडलं तर पडद्यावरचा क्रमांक वाचावा, तो नेमकं सांगतो. पीएक्सई-ई६१ म्हणजे केबलच नीट बसलेली नाही. बऱ्याचदा क्लिपचा कान तुटलेला असतो, ती आत बसल्यासारखी दिसते पण दिवा लागत नाही. ई५१ म्हणजे पत्ता द्यायला कुणी पुढे आलं नाही. ई५३ म्हणजे पत्ता मिळाला पण फाइलचं नाव मिळालं नाही, हा सर्व्हरच्या मांडणीतला दोष. ई३२ म्हणजे फाइल मागितली पण टीएफटीपी गप्प. तेव्हा सर्व्हरची फायरवॉल बघावी.

एक दोष कुठल्याच क्रमांकात दिसत नाही. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा बटणासारखा सेल दहा वर्षांत संपलेला असतो. मग यंत्राचं घड्याळ प्रत्येक वेळी मागच्या कुठल्यातरी वर्षावर जाऊन बसतं. इन्स्टॉलर प्रत्येक पॅकेजच्या यादीवरची डिजिटल सही तपासतो आणि त्याला ती सही भविष्यात केलेली दिसते. तो ती नाकारतो, आणि बरोबरच करतो. माणूस मात्र इंटरनेटला दोष देत बसतो. आधी सेल बदला, तारीख लावा, मग पुढे जा. नेटवर्कवरून सुरू होताना दिसणाऱ्या यादीत मेमरी तपासणारा मेमटेस्टही ठेवता येतो. तो आधी चालवावा. बिघडलेल्या रॅमवर कुठलीही सिस्टिम टाकली तरी ती रडतच चालणार. आणि पंखा उघडून साफ करावा. जिनिंगच्या आसपासच्या गावांत पंख्याच्या जाळीत कापसाच्या तुसाचा अक्षरशः थर निघतो. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. अशा दुपारी तुंबलेल्या पंख्याचा लॅपटॉप तासभर पूर्ण ताकदीनं चालवला तर तो मध्येच बंद पडणारच. हे काम सकाळी करावं. बॅटरी मेलेली असेल आणि मधेच वीज गेली तर घाबरायचं कारण नाही. वीज आल्यावर पुन्हा एफ-१२ दाबायचं आणि पहिल्यापासून सुरुवात करायची.

आता सुरुवातीला सांगितलेली इंटरनेटची गोष्ट. डेस्कटॉपसह डेबियन बसवायला साधारण एक ते दीड जीबी उतरवावं लागतं. वीस लॅपटॉप असले तर तोच माल वीसदा, म्हणजे वीस ते तीस जीबी. सर्व्हरवर ॲप्ट-कॅशर नावाचा प्रोग्रॅम बसवला की पहिल्या लॅपटॉपसाठी आलेली पॅकेजेस तो साठवून ठेवतो आणि उरलेल्या एकोणीस जणांना घरातूनच वाढतो. मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडच्या कितीतरी गावांत मोबाइलची रेंजही मुश्किलीनं मिळते. तिथल्या शाळेसाठी अमरावतीतच एक लॅपटॉप बसवून साठा भरून घ्यायचा आणि सर्व्हर, स्विच, केबली पिशवीत घालून डोंगर चढायचा. मला हे या पद्धतीचं सर्वांत मोठं बळ वाटतं.

इन्स्टॉलरची चित्रमय आवृत्ती घेतली तर तो सगळे प्रश्न मराठीत विचारतो. साध्या अक्षरी आवृत्तीत मराठी दिसत नाही, कारण त्या पडद्याला जोडाक्षरं मांडता येत नाहीत. म्हणून नेटबूटचीही चित्रमय संचिका वेगळी मिळते, तीच उतरवावी. डेस्कटॉप निवडताना हलका घ्यावा, एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी. दोन जीबी रॅमवर लिहिणं-वाचणं, हिशेब, चित्र काढणं, प्रोग्रॅमिंग शिकणं सुखानं होतं. ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडायचा हट्ट मात्र धरू नये. प्रोसेसर आधी बघावा. २००६ च्या कोअर २ ड्युओपासून पुढचे बहुतेक ६४ बिटांचे आहेत. पण २००८ च्या छोट्या नेटबुकांतला ॲटम एन२७० फक्त ३२ बिटांचा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिटांच्या पीसीसाठी इन्स्टॉलर नाही, त्यांच्यासाठी डेबियन १२ घ्यावं.

महाराष्ट्रात शाळकरी मुलांच्या हातात लिनक्सचे लॅपटॉप देण्याचा प्रयोग नवा नाही. २००७ च्या ऑक्टोबरात रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट या लहानशा वस्तीच्या शाळेत 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या प्रकल्पाचे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप आले. भारतातला तो पहिला प्रयोग. त्या यंत्रात ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि डिस्कच्या जागी १ जीबी फ्लॅश होती. आजचा भंगारातला लॅपटॉप त्याच्यापुढे पहिलवान आहे. एक्सओवर फेडोरा लिनक्स आणि मुलांसाठी केलेला शुगर हा पडदा चालायचा. या यंत्रांसाठी पुढे नँडब्लास्टर नावाची सोय निघाली : एक लॅपटॉप बिनतारी लहरींवर सगळी सिस्टिम सतत प्रसारित करत राहतो आणि भोवतालचे कितीही लॅपटॉप ती एकदमच ऐकून स्वतःवर उतरवून घेतात. वीस यंत्रांना वीसदा पाठवायचं नाही, एकदाच. सामान्य लॅपटॉपच्या पीएक्सईला ही युक्ती अशी आयती मिळत नाही, याची मला खंत आहे.

सगळ्यांनीच हे करावं असं मात्र नाही. दुकानाचा हिशेब टॅलीवर असेल तर तो लॅपटॉप विंडोजवरच राहू द्या. श्रीलिपी किंवा आयएसएममध्ये टंकलेले जुने दस्तऐवज असतील, आणि वऱ्हाडातल्या डीटीपीवाल्यांकडे, वकिलांकडे, साहित्य संस्थांकडे असे ढिगानं आहेत, तर आधी ते युनिकोडमध्ये बदलून घ्या. नाहीतर फाइल उरेल आणि वाचता येणार नाही. लग्नाचे फोटो, सातबाऱ्याची स्कॅन, आधारच्या प्रती बाहेरच्या डिस्कवर काढा आणि ती प्रत उघडून बघा, मगच विभाजनाला होकार द्या. लॅपटॉप दान म्हणून आला असेल तर उलट करा. आधीच्या मालकाची माहिती पूर्ण पुसा आणि मगच नवी सिस्टिम घाला. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांतही दुरुस्त करून पुन्हा वापरण्याला रीतसर जागा दिली आहे.

अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ पासून आहे. बडनेरा, शेगाव, अकोल्याजवळचं बाभुळगाव इथली कॉलेजं १९८३ पासूनची. या सगळ्या ठिकाणी संगणकाची मुलं डीएचसीपी आणि टीएफटीपी परीक्षेसाठी पाठ करतात. त्यांच्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे : या सत्रात एक प्रात्यक्षिक जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत घ्या. एक स्विच, दहा केबली, सेलचं एक पाकीट आणि साठा भरलेला एक लॅपटॉप एवढं सामान पुरे. आणि मुख्याध्यापकांनो, स्टोअर रूममधले लॅपटॉप निर्लेखनाच्या यादीत टाकण्याआधी एकदा केबल लावून एफ-१२ दाबून बघा.